गवा, सांबर, रानडुक्कर आणि बाजार: पंचायतीच्या जैवविविधता समितीने हिशेब कसा मांडावा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांतल्या पंचायतींपुढे रानातल्या खुरांच्या जनावरांवरून चार पैसे करण्याचे प्रस्ताव वेगवेगळ्या रूपांत येतात. कोणी म्हणतं, रानडुक्कर मारायची परवानगी मिळाली की मांस वाया कशाला घालवायचं. कोणाला रानात गळून पडलेली सांबराची शिंगं गोळा करून हस्तकलेला द्यायची असतात. कोणी हरणांचं फार्म काढायचं म्हणतो, तर कोणी पर्यटकांना जीपमधून गवे दाखवायचं. ग्रामसभेत अशा विषयावर आवाज चढतो, कारण त्याच सभेत कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) नासाडी झालेले लोक बसलेले असतात.

समितीने अशा वेळी भावनेवर हो किंवा नाही म्हणू नये. कायदा, मोजणी, गणित, गळती (परवानगीच्या आडून होणारी चोरटी शिकार) आणि पर्याय या क्रमाने तपास करावा. क्रम उलटा केला की फसगत होते, आणि बहुतेक ठिकाणी तो उलटाच केला जातो: आधी पर्याय ठरतो, मग त्याला जुळतील असे आकडे शोधले जातात. आमचं मत आधीच सांगून ठेवतो. गोव्यात मेलेल्या जनावराचा व्यापार कायद्यातही बसत नाही आणि गणितातही बसत नाही. जिवंत जनावरावरचा बसू शकतो, पण अटींसह.

आधी कायदा

याला अर्धा दिवस पुरतो, म्हणून हे पहिलं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये 2022 साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या आता चार झाल्या. त्यामुळे जुन्या पुस्तिकेत पाहून कुठलं जनावर कुठल्या अनुसूचीत ते लिहू नका. गवा आणि पिसोरी (चिमुकलं मूषकहरीण) अनुसूची एकमध्ये आहेत, रानडुक्कर दोनमध्ये. अनुसूची एकमधल्या प्राण्याची शिकार, किंवा अभयारण्याच्या हद्दीत केलेली शिकार, म्हणजे तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान 25,000 रुपये दंड.

कलम 39 प्रत्येक सभासदाने स्वतः वाचावं. वन्य प्राणी, त्याचं मांस, शिंग, कातडं ही सरकारची मालमत्ता आहे. परवानगीने मारलेलं किंवा अपघातात मेलेलं जनावरसुद्धा त्यातून सुटत नाही. असं काही ताब्यात आलं तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. केरळ सरकारने 2022 मध्ये स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना शेतीत घुसणारी रानडुकरं मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले, त्याचा दाखला आपल्याकडच्या सभांत वारंवार येतो. त्या आदेशातही मेलेलं डुक्कर रीतसर पुरायचं आहे, ते विकायला किंवा खायला मोकळीक नाही. अर्धाच दाखला देणाऱ्याला उरलेला अर्धा तिथल्या तिथे वाचून दाखवा.

दोन कायदे लोकांची हमखास दिशाभूल करतात. पहिला जैवविविधता अधिनियम 2002. त्याच्या कलम 41 प्रमाणे व्यापारी कामासाठी जैविक साधनं गोळा करणाऱ्याकडून समिती शुल्क घेऊ शकते. त्यावरून काहींना वाटतं, समितीची पावती फाडली की वस्तू कायदेशीर झाली. तसं नाही. हे शुल्क शिकेकाई, हिरडा किंवा दालचिनीवर चालेल, सांबराच्या शिंगावर नाही, कारण तिथे वन्यजीव अधिनियम आडवा येतो. दुसरा वनाधिकार अधिनियम 2006. कलम 3 मध्ये परंपरागत हक्क मान्य केले आहेत, पण त्याच वाक्यात शिकार, सापळा लावणं आणि वन्य प्राण्याच्या शरीराचा कुठलाही भाग काढणं वगळलं आहे. दाव्याच्या कागदात शिकारीचा हक्क घातला तर तो भाग टिकत नाही, आणि त्यापायी उरलेला रास्त दावाही संशयात येतो.

हरणांच्या फार्मचा विषय इथेच संपतो. वन्य प्राणी बंदिस्त ठेवून दाखवायचे तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. मांसासाठी देशी हरणं पाळण्याची तरतूदच नाही. न्यूझीलंडमधल्या लाल हरणांच्या फार्मची उदाहरणं इंटरनेटवर सापडतील. तिथे ती हरणं बाहेरून आणलेली, जंगलाला उपद्रव ठरलेली आहेत. परिस्थिती वेगळी, कायदा वेगळा.

गळून पडलेल्या शिंगांचं काय, हा प्रश्न खरा आहे, कारण इथे कोणी जनावर मारल्याचं दिसत नाही. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं दर वर्षी गळतात. गव्याची कधीच गळत नाहीत, म्हणून "गळलेलं गव्याचं शिंग" असं कोणी म्हणालं की तिथेच थांबवा. गळलेल्या शिंगाचा बुडखा खडबडीत, थोडा फुगीर असतो आणि त्याभोवती दाणेदार कडं असतं. मारलेल्या नराच्या शिंगाला बुडाशी कवटीचा तुकडा चिकटलेला असतो किंवा करवतीची सपाट खूण असते. नव्वदीच्या दशकापर्यंत देशातून अशा शिंगांची निर्यात चालत असे. गळलेल्या मालाआड मारलेला माल जातो, हे ती बंद होण्यामागचं मुख्य कारण. करवतीने कडं कापून टाकलं की दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय रानात पडलेली शिंगं वाया जात नाहीत. साळिंदर आणि उंदीर ती कुरतडतात, त्यांना त्यातून कॅल्शियम मिळतं.

मोजणी

"हल्ली गवे फार वाढले" हे वाक्य मोजणी नव्हे. गवे दिवसा काजूच्या बागेत दिसायला लागले म्हणजे ते वाढलेच असं नाही. रानातला चारा कमी झाला, पाणी आटलं किंवा कुत्र्यांनी हाकललं, तरी ते बाहेर दिसतात.

जनावरं थेट पाहून मोजायची रीत म्हणजे ठरलेल्या सरळ ओळीवरून चालणं. एक ओळ दोन किलोमीटरची. दोन माणसं, एक कंपास, एक अंतरमापक, एक वही. उजाडताना सुरुवात करून ताशी दीड किलोमीटरपेक्षा जास्त वेग न ठेवता चालायचं. जनावर दिसलं की चार गोष्टी लिहायच्या: जात, कळपातली संख्या, कळपाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि ओळीच्या दिशेशी होणारा कोन. अंतर गुणिले कोनाची साइन म्हणजे ओळीपासूनचं काटकोनी अंतर. जनावर 40 मीटरवर आणि कोन 30 अंश असेल तर ते 20 मीटर. ही अंतरं जमली की ओळीच्या दोन्ही बाजूंना किती पट्टा खरोखर "पाहिला गेला" ते संगणकावर काढता येतं. मोफत सॉफ्टवेअर मिळतं, गणित शिकवणारा कोणी मास्तर सोबत घ्या.

बिघडतं ते असं. ओळ चालायला सोपी म्हणून ती रस्त्यावरून किंवा जुन्या खाणवाटेवरून आखतात. रस्त्याकडेला कोवळं गवत असतं, गवे तिथे येतात आणि संख्या फुगते. काही जण दिसलेल्या जागेचं अंतर न मोजता जनावर पळून थांबलं तिथलं मोजतात. जनावर जिथे पहिल्यांदा दिसलं तेच अंतर धरायचं. आणि सगळ्यात मोठी अडचण नोंदींची. एका जातीच्या निदान 40 नोंदी असल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. सह्याद्रीच्या दाट रानात समजा सांबराचा गट दहा किलोमीटरला एकदा दिसला, तर 400 किलोमीटर चालावं लागेल. एका पंचायतीचं ते काम नव्हे. शेजारच्या पाच पंचायतींनी प्रत्येकी चार ओळी घेतल्या तर एका फेरीत 40 किलोमीटर होतात आणि दहा फेऱ्यांत काम संपतं. समजा पाहिलेला पट्टा दोन्ही बाजूंना 25 मीटर निघाला: 400 किलोमीटरवर 20 चौरस किलोमीटर झाले, 40 गट म्हणजे चौरस किलोमीटरला दोन, गटात सरासरी दीड सांबर धरलं तर तीन. हा फक्त नमुना, आपला आकडा आपल्या वहीतून काढा. हद्द म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव किंवा मोले अभयारण्यात जात असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी आणि सोबत वनरक्षक हवाच.

लेंड्यांची मोजणी स्वस्त पडते. त्याच ओळीवर दर 400 मीटरला 20 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद चौकट आखून तिच्यातल्या लेंड्यांचे ढीग मोजायचे. सांबराची लेंडी मोठी, चितळाची मध्यम, भेकराची लहान आणि टोकदार, पिसोरीची त्याहून बारीक. धनगरवाड्याजवळ बकऱ्यांच्या लेंड्या चितळाच्या समजल्या जातात आणि चरायला सोडलेल्या गुरांचं शेण गव्याच्या खात्यावर जातं. गोठ्यांच्या आणि चराईच्या जवळच्या चौकटी वेगळ्या नोंदवा. हे काम डिसेंबर ते मार्च या काळातच करावं. मृगाचा पाऊस सुरू झाला की लेंड्या विरघळून वाहून जातात आणि मोजणाऱ्याला जनावरं संपल्यासारखी वाटतात.

पिसोरी या दोन्ही रीतींत जवळजवळ निसटते. वजन तीनएक किलो, वावर रात्रीचा, धोका वाटला की जागच्या जागी दबून बसायची सवय. तिच्यासाठी गुडघ्याच्या खाली बांधलेले कॅमेरा ट्रॅपच लागतात. ते माणसाच्या कमरेच्या उंचीवर बांधले तर ती खालून निघून जाते.

गणित: रान किती देऊ शकतं

खाण्यासाठी शिकार होणाऱ्या प्राण्यांसाठी जीवशास्त्रज्ञ एक ढोबळ सूत्र वापरतात. रान जास्तीत जास्त जितकी जनावरं पोसू शकतं त्याच्या 60 टक्के संख्या धरायची, तिची वर्षाची जास्तीत जास्त वाढ काढायची, आणि दीर्घायुषी जात असेल तर त्या वाढीच्या फक्त 20 टक्के काढता येतात असं मानायचं. मध्यम आयुष्याच्या जातीला 40 टक्के. बाकीची वाढ रोगाला, वाघ-बिबट्याला आणि वाईट वर्षाला लागते.

वीस चौरस किलोमीटर रान आणि वर काढलेली चौरस किलोमीटरला तीन सांबरं हीच रानाची क्षमता धरू. म्हणजे 60. त्याचे 60 टक्के 36. सांबराची मादी आठेक महिने पोट वागवते आणि एका वेळी एकच पाडस देते, त्यामुळे वर्षाला 25 टक्के वाढ धरली तरी ती उदारच. ती झाली नऊ. त्याचे 20 टक्के 1.8. वीस चौरस किलोमीटर रानातून वर्षाला दोनही सांबरं निघत नाहीत. एका सांबरातून 80 किलो मांस धरलं तर 144 किलो, आणि पंचायतीत 300 घरं असतील तर घरटी वर्षाला 480 ग्रॅम. यातून बाजार कसा उभा राहणार? आणि एक वाहन भरून माल बाहेर गेला की काही वर्षांचा वाटा एका रात्रीत गेला.

या हिशेबात वाघ आधी धरायला हवा. एक वाघ वर्षाला साधारण 50 मोठी जनावरं मारतो, आणि भक्ष्याच्या साठ्यातला दहावा भाग काढला तरच तो साठा टिकतो. म्हणजे एका वाघामागे 500 जनावरं रानात हवीत. 2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावली इथे एक वाघीण आणि तिचे बछडे मिळून चार वाघ विष घातल्याने मेलेले सापडले. त्या वाघांनी गुरं मारली होती. रानातलं सांबर आणि गवा संपवून वाघाला गोठ्याकडे वळवायचं आणि मग त्याच्यावरच राग काढायचा, हा खर्च मांस विकणाऱ्याच्या वहीत कधीच येत नाही.

रानडुकराचं गणित मात्र वेगळं निघतं आणि ते लपवू नये. गर्भकाळ 115 दिवसांच्या आसपास, एका वेताला चार ते सहा पिल्लं, वर्षाच्या आतबाहेर मादी वयात येते. त्याच रानात क्षमता 80 धरली, संख्या 48 आणि वर्षाला दुप्पट होण्याइतकी वाढ, तर 40 टक्क्यांच्या नियमाने 19 डुकरं निघू शकतात. मग रानडुकरापुरता तरी व्यापार का नको? गणितामुळे नको असं नाही. डुकरासाठी लावलेली फासाची तार भेकर, पिसोरी, सांबर, बिबट्या असा भेद करत नाही, म्हणून नको. गळती इथून सुरू होते.

निवडून मारण्याचाही अनुभव बघण्यासारखा आहे. मध्य आशियातल्या सायगा या हरणासारख्या जनावराची शिंगं औषधासाठी विकली जातात आणि ती फक्त नराला असतात. सोव्हिएत संघ फुटल्यावर नरांची बेसुमार शिकार झाली. नर इतके कमी उरले की माद्यांना गर्भच राहीना, आणि दहा लाखांच्या घरातली संख्या दहा वर्षांत लाखाच्या खाली आली. "आम्ही माद्या मारतच नाही" हे म्हणूनच बचावाचं उत्तर नव्हे. कस्तुरीमृगाचं उलट होतं. कस्तुरी फक्त नरात, पण फासात मादी आणि पाडसंही अडकतात आणि फेकून दिली जातात.

बाहेरची उदाहरणं कशी वाचावीत

प्रस्ताव आणणारा तीन देशांची नावं घेतो: पेरू, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका. प्रत्येक वेळी विचारा: जनावराचा मालक कोण, संख्या कोण मोजतो, मर्यादा कोण घालतो?

पेरू आणि शेजारच्या देशांतल्या अँडीज पर्वतात व्हिकुन्या या लोकरीच्या रानजनावराची संख्या 1960 च्या दशकात काही हजारांवर आली होती. देशांनी करार करून शिकार बंद केली. नंतर गावकरी मोठी साखळी करून कळप घेरतात, लोकर कातरतात आणि जनावर सोडून देतात, अशी रीत पुन्हा सुरू झाली. एका कातरणीत पावशेराच्या आसपासच लोकर, पण किंमत भरपूर. आता संख्या काही लाखांत आहे. पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या शिकारीचे परवाने वर्षाला 12, आणि परवान्याच्या रकमेतला 80 टक्के वाटा स्थानिक समाजाला. दक्षिण आफ्रिकेत 1991 च्या कायद्याने पुरेशा कुंपणातल्या जनावरावर जमीनमालकाचा हक्क मानला आणि रानजनावरांची हजारो खासगी कुरणं उभी राहिली. तिथेच हौशी रंगांच्या जनावरांची पैदास, संकर, कुंपणांनी अडवलेल्या वाटा आणि मालकांनी मारलेले हिंस्र प्राणी हे दुसरं अंगही आहे.

तिन्ही ठिकाणी जागा उघडी, जनावर लांबून मोजता येतं, मर्यादा कागदावर असते. गोव्याच्या दाट रानात सांबर लांबून दिसत नाही. मालक सरकार, मोजणी अधूनमधून, आणि मर्यादा शून्य. व्हिकुन्याकडून घेण्यासारखं एकच: पैसा जिवंत जनावरावर मिळाला म्हणून लोकांनी ते राखलं.

फासांची फेरी

कुठलाही प्रस्ताव मंजूर करण्याआधी आपल्या हद्दीत किती फास आहेत ते समितीने पाहावं. फेऱ्या वर्षातून दोन: एक जानेवारीत, काजू लागण्याआधी, आणि दुसरी मे महिन्यात. बोंडू पिकून पडायला लागले की डुक्कर, सांबर, भेकर सगळी बागेत येतात आणि तारा तेव्हाच लागतात.

फेरी वनरक्षकासोबतच करायची, सहा ते आठ जण, एकमेकांत पाच मीटर अंतर, एका रेषेत. रानाच्या आतून सुरुवात करू नका. बाग आणि रान यांच्या मधली कड, ओहोळाचा काठ, डोंगरसोंडेवरची जनावरांची वाट आणि जुन्या वईतली (काट्याकुट्यांच्या कुंपणातली) भगदाडं आधी पाहा. नजर जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. दुचाकीच्या क्लचची किंवा ब्रेकची तार सर्वांत जास्त सापडते. ती गंजून पानांच्या रंगाची होते. तार दिसण्याआधी दुसऱ्या खुणा दिसतात: ताज्या फांद्यांची बुटकी वई आणि तिच्यात मुद्दाम सोडलेली फट, वाकवून बांधलेलं रोपटं, सालीवर गोल घासलेला पट्टा, पायांनी उकरलेल्या मातीचं वर्तुळ.

सापडलेली तार आधी फोटो काढून, जागेचे अक्षांश-रेखांश लिहून, मगच काढायची. नुसता फास कापून बुडखा खोडाला ठेवला तर दुसऱ्या दिवशी नवा फास तयार. पूर्ण तार उलगडून काढा, मोजा, वनखात्याकडे पंचनाम्यावर जमा करा. एका बागेच्या भोकाशी एकच तार आणि लांबच लांब वईत दर काही पावलांवर तार, यांतला फरक नोंदीत दिसला पाहिजे. पहिली घरच्या रागापोटी लावलेली असते, दुसरी ऑर्डर घेऊन. दोन्ही गुन्हेच, पण उपाय वेगळे: पहिल्या ठिकाणी कुंपण द्यावं लागेल, दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक शोधावं लागेल.

तारेत बिबट्या किंवा गवा जिवंत अडकलेला असेल तर जवळ जाऊ नका. तार तुटते, आणि ती माणूस जवळ आल्यावरच जोराने ओढली जाते. लोकांना दोनशे मीटर मागे हटवा, कुत्री बांधा, परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना कळवा, मोबाइल शूटिंग बंद. जनावर दमून आणि घाबरून मरतं, फासाच्या जखमेनेच मरतं असं नाही. खाद्यात गुंडाळलेले गावठी बॉम्ब आणि विजेच्या लाइनवरून ओढलेली वायर यांना तर हातच लावायचा नाही. पोलीस आणि वीज खात्याला बोलवा.

विकायला आलेलं मांस संशयास्पद वाटलं तर रंगावरून जात सांगण्याच्या फंदात पडू नका. शिजवलेलं, मसाला लावलेलं मांस कोणालाच ओळखता येत नाही. अधिकृत अधिकाऱ्याने पंचांसमक्ष घेतलेला सुपारीएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्र संस्थेकडे डीएनए तपासणीला जातो. फॉर्मालिनमध्ये टाकलेला नमुना डीएनएला निकामी होतो. केसांसकट कातड्याचा तुकडा असेल तर तो कोरडा, कागदात ठेवावा, प्लास्टिकमध्ये कुजतो.

खाणाऱ्यालाही एक गोष्ट स्पष्ट सांगा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 मध्ये ईशान्य भारतात आला. तो माणसाला होत नाही, पण रानडुकराला आणि पाळीव डुकराला होतो आणि मांसात बराच काळ टिकतो. रानडुकराचे आतडे-कातडे गोठ्यामागे टाकले आणि पाळलेली डुकरं ती खाऊन गेली तर गावातली डुकरंच संपतील. रानडुकराच्या अर्धकच्च्या मांसातून जंतही माणसात येऊ शकतात.

नासाडीचा उपाय आधी

ज्या शेतकऱ्याची वायंगण भातशेती रात्रीत लोळवली जाते किंवा सुरण आणि कणगा उकरून जातो, त्याला संवर्धनाचं व्याख्यान देऊन उपयोग नाही. त्याची नासाडी थांबली तर तारेचा अर्धा पुरवठा थांबतो.

सौरकुंपण लावताना डुकरासाठी पहिली तार जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, दुसरी 40 च्या आसपास हवी. गव्यासाठी सर्वांत वरची दीड मीटरवर. मीटर लावून दर आठवड्याला दाब तपासा, 4000 व्होल्टच्या खाली गेला तर डुक्कर तारेला जुमानत नाही. गोव्यात तो खाली जातो तो पावसाळ्यात, आणि कारण एकच: गवत तारेला लागतं. पंधरवड्याला एकदा कुंपणाखाली कोयता फिरवायचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा. अर्थिंगच्या सळया कातळावर बसत नाहीत, ओलसर मातीची जागा शोधून तिथे ठोका. घरच्या विजेची थेट जोडणी कधीही नाही, त्याने माणसं मरतात.

एकट्या बागेला कुंपण घातलं की जनावर शेजाऱ्याकडे जातं आणि भांडण पंचायतीत येतं. म्हणून सलग बागांचं एकच कुंपण करा, आणि ओहोळाच्या बाजूने जनावरांची जुनी वाट मोकळी सोडा. ती बंद केली तर गवा कुंपण मोडूनच जाणार, आठ-नऊशे किलोंच्या नराला तार थांबवत नाही.

गवा दाखवण्याचा धंदा

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि पर्यटक त्याला पाहायला पैसे देतात. हा एकच प्रस्ताव वरच्या सगळ्या चाळण्यांतून खाली येतो, पण मीठ न टाकण्याच्या अटीवर. मीठ किंवा भुसा टाकून गवे रोज एका जागी आणले की पर्यटक खूश, पण तिथेच गावची गुरंही येतात आणि लाळ्या-खुरकूत इकडून तिकडे जातो. 1968 मध्ये बंदीपूर-मुदुमलाई भागात गुरांच्या बुळकांडीने गव्यांचे कळप संपवले होते. धंदा सुरू करण्याआधी हद्दीतल्या सगळ्या गुरांचं लाळ्या-खुरकूतचं लसीकरण, दर सहा महिन्यांनी, हा परवान्याचाच भाग करा.

बाकीचे नियम साधे: गाडीतून उतरायचं नाही, अंतर निदान 50 मीटर, रात्री लाइट मारायचा नाही, वासरू असलेल्या कळपापाशी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, दिवसाला ठरलेल्या गाड्यांपेक्षा एकही जास्त नाही. गव्याने डोकं खाली घालून फूत्कार टाकला आणि बाजू दाखवत आडवा उभा राहिला तर तो आकार दाखवतो आहे. गाडी हळू मागे घ्या, हॉर्न नको.

पैशाचा हिशेब ठरावातच लिहा, नंतर नाही. तिकिटातला एक ठरलेला भाग कुंपणाच्या देखभालीला, एक भाग मोजणीला आणि एक भाग ज्यांची नासाडी झाली त्यांना. वाटा फक्त जीपवाल्यांना आणि रिसॉर्टला गेला, तर ज्याच्या बागेत गवा चरतो तो शेतकरी दुसऱ्या हंगामात तार लावेल. ठरावात शेवटी दोन आकडे दर वर्षी भरायची जागा ठेवा: त्या वर्षीची ओळींवरची मोजणी आणि फेरीत सापडलेल्या तारांची संख्या. मोजणी सलग दोन वर्षं खाली गेली किंवा तारा वाढल्या तर नव्या गाड्यांना परवाने थांबतील, हे कलम पहिल्याच ठरावात घाला, कारण पैसा येऊ लागल्यावर ते घालायला कोणी हात वर करणार नाही.